सहापर्यंत बाटली संपलेली असेल

परीक्षक बाईंनी विचारलं, पन्नास वर्षांनी हॉस्पिटलं कशी असतील असं तुम्हाला वाटतं?

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतला बोलण्याचा भाग चालू होता. प्रश्न इंग्रजीत होता, पण त्यात अवघड शब्द एकही नव्हता. मी अकरा वर्षं नर्स म्हणून काम करत होते. मेडिकल वॉर्ड, आयसीयू, अपघात विभाग असं सगळं करून झालं होतं. मी म्हणाले, "आय थिंक हॉस्पिटल्स विल बी व्हेरी मॉडर्न." मग म्हणाले, "टेक्नॉलॉजी विल बी देअर." आणि थांबले. बाई शांतपणे वाट बघत होत्या. शेवटी क्लासमध्ये पाठ केलेलं वाक्य बाहेर आलं, "इट हॅज बोथ अ‍ॅडव्हान्टेजेस अ‍ॅण्ड डिसअ‍ॅडव्हान्टेजेस." त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. तोही भविष्याचाच होता.

निकाल आला. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५ आणि स्पीकिंग ६. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिथल्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला आयल्ट्समध्ये लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगला ७ लागतात, रायटिंगला ६.५ चालतात. म्हणजे तीन ठिकाणी मी पार झाले होते आणि बोलण्यात अडकले होते. फी १७ हजारांच्या आसपास, पुण्याला जाणं-येणं वेगळं, दोन दिवसांची रजा वेगळी. घरी फक्त "पुन्हा द्यावी लागेल" एवढंच सांगितलं.

ज्यांनी ही परीक्षा दिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. समोर एक परीक्षक आणि टेबलावर रेकॉर्डर. पहिल्या भागात तुमच्याबद्दलचे साधे प्रश्न येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला मिळतं आणि मग एक ते दोन मिनिटं एकटीनं बोलायचं. तिसरा भाग चार-पाच मिनिटांच्या चर्चेचा. तिथे प्रश्न तुमच्यावरून उठतात आणि समाजावर, जगावर जातात. पूर्वी कसं होतं, आता काय बदललं, पुढे काय होईल. सहा आणि सात यांच्यातला फरक बहुतेकींचा इथेच पडतो असं माझं ठाम मत झालंय. पहिले दोन भाग तयारी करून निभावता येतात. तिसऱ्या भागात तुम्हाला खरंच काही म्हणायचं आहे का, हे उघडं पडतं.

माझ्या काही मैत्रिणींनी ओईटी दिली. आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी असलेली ती परीक्षा, तिथे बोलणं म्हणजे रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी संवाद. तो मार्ग मला जास्त सोपा गेला असता, पण फी जवळपास दुप्पट होती. आणि खरं सांगायचं तर त्या "टेक्नॉलॉजी विल बी देअर"ची मनाला टोचणी लागली होती. अकरा वर्षं वॉर्डात घालवूनही वॉर्डाच्या भविष्याबद्दल मला दोन वाक्यांपलीकडे काही म्हणता येऊ नये?

क्लासला पुन्हा गेले नाही. तिथे आम्हाला नमुना उत्तरं दिली होती, कुठल्याही प्रश्नाला लावता येतील अशी. परीक्षकांना पाठांतर लगेच ओळखू येतं, हे मला नंतर कळलं. गुणांचे चार निकष जाहीर असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारींना सारखं वजन. तुमचं मत बरोबर की चूक, याला कुठेच गुण नाहीत. हे वाचून मला खूप मोकळं वाटलं. शाळेपासून आम्ही उत्तर बरोबर येतंय ना, याचीच भीती बाळगत आलो. भविष्याच्या प्रश्नाला तर बरोबर उत्तर असतच नाही.

आमच्या हॉस्पिटलमध्ये एक सीनियर सिस्टर आहे, मूळची केरळातल्या कोट्टायमकडची. वीस वर्षं मिरजेत काढलेली. सगळे तिला चेची, म्हणजे ताईच म्हणतात, मीही. ती मला मोळे म्हणते, म्हणजे मुली. तिला स्वतःला बाहेर जायचं नव्हतं, पण तिची धाकटी बहीण आयर्लंडला नर्स आहे आणि तिची तयारी चेचीनंच करून घेतली होती. मी तिला निकाल सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मोळे, तू मराठी मैत्रिणींबरोबर प्रॅक्टिस करतेस ना? म्हणून होत नाही." तिचं म्हणणं खरं होतं. मराठी मुली एकत्र बसलो की तिसऱ्या वाक्याला मराठीवर येत होतो. चेचीचं मराठी कामापुरतं, माझं मल्याळम शून्य, हिंदी दोघींची मोडकी. अडचण आली की इंग्रजीवाचून मार्गच नव्हता.

ग्लोव्हजचा एक रिकामा खोका घेतला आणि त्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकल्या. साठेक झाल्या असतील. सगळे भविष्याचे. पुढच्या वीस वर्षांत लोक कामाला ऑफिसात जातील का? शाळेत शिक्षक लागतील का? रोख पैसे राहतील का? शहरं कशी वाढतील? म्हाताऱ्या माणसांची काळजी कोण घेईल? रोबोट नर्सची जागा घेतील का? इव्हिनिंग ड्यूटी सुटल्यावर किंवा नाइटनंतर सकाळी कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर बसायचं, चिठ्ठी उचलायची, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करायचं. दीड मिनिट बोलायचं. मग चेची उपप्रश्न विचारणार, कारण खऱ्या परीक्षेत परीक्षक तुमच्याच उत्तराचा धागा धरून पुढे जातात. जूनमध्ये सुरू केलं ते सप्टेंबर संपेपर्यंत चाललं.

पहिले तीन आठवडे फार वाईट गेले. रेकॉर्डिंग घरी जाऊन ऐकायचे तेव्हा लाज वाटायची. प्रत्येक वाक्यात "विल". शहरं विल, लोक विल, रोबोट विल. जणू सगळं मला आधीच ठाऊक आहे. आणि दोन वाक्यांच्या मध्ये इतकी लांब शांतता की फोन बंद पडला की काय असं वाटावं. मी वहीत मोजायला लागले: दीड मिनिटात किती वेळा थांबले, किती वेळा तेच वाक्य पुन्हा सुरू केलं. पहिल्या आठवड्यात एका उत्तरात नऊ वेळा.

दोन चुका अशा सापडल्या की त्या माझ्या एकटीच्या नव्हत्या. पहिली उच्चाराची. रोबोटच्या प्रश्नाला मी म्हणाले, रोबोट नर्सची जागा घेणार नाहीत. चेचीनं विचारलं, "रोबोट्स वॉन्ट टू?" मला कळेना. रेकॉर्डिंग लावलं तर मी "वोन्ट" म्हणतच नव्हते, "वॉन्ट" म्हणत होते. म्हणजे रोबोटांना आमची जागा हवी आहे, असा अर्थ होत होता. माझ्या वाक्याचा अर्थच उलटा झाला होता, आणि मला पत्ताही नव्हता. पहिल्या परीक्षेत हे किती वेळा झालं असेल, याचा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही. मग आठवडाभर आरशासमोर ओठ गोल करून "वोन्ट" म्हणत राहिले. आपल्या "व"मध्ये इंग्रजीचे दोन वेगळे आवाज एक होतात, हेही तेव्हाच नीट लक्षात आलं.

दुसरी चूक व्याकरणाची. "मी इंग्लंडला जाईन तेव्हा" याचं मी "व्हेन आय विल गो" करत होते. मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ लागतो: तो येईल तेव्हा मी सांगेन. इंग्रजीत "व्हेन" आणि "इफ"नंतरचं क्रियापद वर्तमानात राहतं, "व्हेन आय गो". हा नियम शाळेत शिकलेच असणार. पण बोलताना तोंडात आधी आपल्या भाषेचाच साचा येतो. नियम पुन्हा वाचून तो सुटला नाही, आणि सुटला तो कसा, ते पुढे सांगते.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना हँडओव्हर द्यावा लागतो. दुपारी दोनला मॉर्निंगची सिस्टर इव्हिनिंगच्या सिस्टरला प्रत्येक पेशंटची माहिती देते. आम्ही मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून बोलतो. एका दुपारी मी हँडओव्हर देत होते: "सात नंबरला दोनला एनएस सलाइन लावलीय, सहापर्यंत बाटली संपलेली असेल. मग पुढची लावू नका, डॉक्टरांना विचारा. चारला सर्जन राउंड घेत असतील, त्यांना ड्रेन दाखवा. बारा नंबरचा ताप उतरेलसं वाटतंय, पण नाही उतरला तर ब्लड कल्चर पाठवायचंय." चेची शेजारी उभी होती. ती एकदम म्हणाली, "मोळे, हेच इंग्लिशमध्ये सांग."

मी सांगितलं. बाय सिक्स, द ड्रिप विल हॅव फिनिश्ड. अ‍ॅट फोर, द सर्जन विल बी डूइंग हिज राउंड. द फीव्हर विल प्रॉबॅब्ली कम डाउन, बट इफ इट डझन्ट, सेंड अ ब्लड कल्चर.

वाक्य पूर्ण झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ज्याला आम्ही वर्गात "फ्यूचर परफेक्ट" म्हणून घाबरत होतो, ते मी रोज दुपारी दोन वाजता बोलते. बाटली संपलेली असेल. राउंड घेत असतील. ताप नाही उतरला तर. "इफ"च्या पुढे "विल" लावायची चूकसुद्धा झाली नव्हती, कारण त्या वेळी माझं लक्ष व्याकरणावर नव्हतं, बारा नंबरवर होतं. त्या दिवसापासून मी हँडओव्हर देऊन झाला की शेवटच्या दोन पेशंटांचा मनातल्या मनात इंग्रजीतून पुन्हा द्यायचे. महिन्याभरात "इफ"नंतरचं "विल" जवळजवळ गेलं.

आणि मग मी आपल्याच भाषेकडे बघायला लागले. आपण भविष्याबद्दल किती बारकाईनं बोलतो! होईल. होईलच. होईलही. होईलसं वाटतं. होऊ शकेल. व्हायला हरकत नाही. होणार. होणार नाही. होऊन गेलेलं असेल. एकट्या "ही" आणि "च"मध्ये केवढा फरक. "पाऊस येईलच" म्हणणारा छत्री घेऊन निघतो, "पाऊस येईलही" म्हणणारा दारात उभा राहून आभाळाकडे बघतो. इंग्रजीत हेच काम "इज बाउंड टू", "इज लाइकली टू", "मे वेल", "माइट", "आय डाउट इफ" हे शब्द करतात. मी वहीत एका बाजूला मराठी आणि समोर इंग्रजी अशा जोड्या लावल्या. होईलच म्हणजे इज बाउंड टू. होईलही म्हणजे माइट. होणार, म्हणजे ठरलंय, म्हणजे गोइंग टू. जोड्या तंतोतंत जुळत नाहीत, पण बोलताना योग्य खण उघडायला तेवढं पुरतं. सगळीकडे "विल" लावण्याची माझी सवय इंग्रजी येत नाही म्हणून नव्हती. मराठीत मी जी काळजी घेते, ती इंग्रजीत घ्यायची विसरत होते.

जुलैच्या शेवटी कृष्णेचं पाणी चढू लागलं. सांगली-मिरजेकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको; त्या दिवसांत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "किती फूट?" आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आमच्याकडे नावेतून आणलेले पेशंट दाखल झाले होते. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या संध्याकाळी चेचीनं नेमकी चिठ्ठी उचलली: पुढच्या पन्नास वर्षांत शहरं कशी बदलतील?

एरवी मी मेट्रो, उंच इमारती, प्रदूषण एवढ्यावर थांबले असते. त्या दिवशी मी पुलाचं सांगितलं. इथली माणसं पाऊस सुरू झाला की रोज भविष्य सांगत असतात, असं म्हणाले. कोयना धरणातून विसर्ग वाढवला तर पाणी दोन-चार फूट चढेल. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पाणी सोडलं नाही तर उतरायला वेळ लागेल असं काहीजण म्हणतात, काहींना ते पटत नाही. नदीकाठची घरं कदाचित उचलावी लागतील. पण लोक बहुधा हलणार नाहीत, कारण दुकान तिथेच आहे, देऊळ तिथेच आहे. दहा वर्षांनी पाणी ओसरल्यावर घर धुऊन काढायची नवी पद्धत सापडलेली असेल, नवं घर सापडलेलं नसेल. हे सगळं इंग्रजीत. "इफ दे रिलीज मोअर वॉटर फ्रॉम कोयना, द लेव्हल मे क्रॉस फोर्टी-फाइव्ह." मी कुठे थांबले, ते मोजायचं चेची विसरून गेली. ती एवढंच म्हणाली, "पम्बा नदीला २०१८ मध्ये आमच्याकडे असंच झालं." मग अर्धा तास आम्ही दोघी दोन नद्यांबद्दल बोलत बसलो, इंग्रजीत, आणि रेकॉर्डिंग कधीच बंद झालं होतं.

त्यानंतर मी वाचन बदललं. आधी मी आकडे जमवत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगात सुमारे २.७९ कोटी नर्स आहेत आणि ५९ लाखांची कमतरता आहे असं म्हटलंय, हे मी पाठ केलं होतं. जपानमधल्या पारोबद्दल वाचलं होतं. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांना सोबत म्हणून तयार केलेला पांढऱ्या सीलच्या पिलासारखा रोबोट, हात फिरवला की हालचाल करणारा, आवाज देणारा. माहिती खरी होती, पण तोंडात आली की उत्तर तिथेच संपायचं. आकडा सांगितला की पुढे काय बोलायचं? मग मी पारोला आमच्या वॉर्डात आणलं. आमच्याकडे एक आजी होत्या, रात्री घाबरून उठायच्या आणि कुणाचा तरी हात मागायच्या. नाइटला तीस पेशंटांमागे आम्ही दोघी. कित्येकदा वॉर्डातल्या मावशी हात धरून बसायच्या. त्या आजींना पारो दिला असता तर? कदाचित झोपल्याही असत्या. मला ते आवडलं नसतं, पण माझ्या आवडण्यापेक्षा त्यांची झोप महत्त्वाची. इथे माझं मत बोलता बोलता बदललं, आणि ते बदलताना इंग्रजीत "ऑन सेकंड थॉट्स" हा शब्दप्रयोग पहिल्यांदा मला खरा लागला. तोवर तो वहीतच पडून होता.

ज्या प्रश्नांबद्दल मला काहीच म्हणायचं नव्हतं, ते मी घरी विचारायला लागले. आमचं गाव तासगावजवळ, चार एकर द्राक्षबाग. शेतीच्या भविष्याचा प्रश्न आला तेव्हा मी आईला फोनवर विचारलं, "आई, पन्नास वर्षांनी आपल्याकडची शेती कशी असेल गं?" आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाग ऱ्हाईल गं. बागंत आपलं माणूस ऱ्हाईल का न्हाई, ते कुणी सांगावं."

एका ओळीत उत्तराची सगळी बांधणी होती: एक गोष्ट खात्रीची, एक शंकेची, आणि दोन्हींच्या मध्ये "पण" म्हणायचीही गरज नाही. मी पुढे विचारत गेले आणि आई सांगत गेली. फळछाटणी कधी घ्यायची यावर दर सप्टेंबर-ऑक्टोबरात घरात वाद होतो. लवकर घ्यावी तर परतीच्या पावसात फुलोरा सापडतो, उशिरा घ्यावी तर माल बाजारात मागे पडतो. अलीकडे काहींनी बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घातलंय, एकरी खर्च लाखांत. वडील म्हणतात घालूया, चुलते म्हणतात आणखी दोन वर्षं बघूया. म्हणजे आमच्या घरात भविष्यावर चर्चा दरवर्षी होते, जोरजोरात होते, आणि तिच्यावर वर्षाचं उत्पन्न ठरतं. आणि मी मात्र समजत होते की असल्या प्रश्नांवर बोलणं आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी, नाइटनंतर, माझ्या हातात चिठ्ठी आली: वीस वर्षांनी तरुणांना नर्स व्हावंसं वाटेल का?

मी लगेच बोलू शकले नाही. मला २०२१ चा एप्रिल आठवला. पीपीई किटच्या आत घामानं भिजलेली मी, एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोन, तो पेशंटच्या चेहऱ्यासमोर धरलेला, पलीकडून त्यांची मुलगी विचारतेय, "सिस्टर, बाबा बरे होतील ना?" या प्रश्नाला आम्ही "होतील" म्हणत नाही. "नाही" तर म्हणतच नाही. आम्ही म्हणतो, "प्रयत्न चालू आहेत. आत्ता ऑक्सिजन बरा आहे. संध्याकाळी पुन्हा फोन करा." खोटं न बोलता आशा ठेवणारी भाषा आहे ती, आणि वॉर्डातली प्रत्येक सिस्टर ती वर्षानुवर्षं घासून शिकते. मी चेचीला हे सांगितलं. मग म्हणाले की जी मुलगी हे पाहील तिला कदाचित हे काम नको वाटेल. पण माझ्या बॅचच्या दोघी-तिघींनी हे पाहूनच सोडायचं नाही असं ठरवलं. पगार असाच राहिला आणि तीस पेशंटांमागे दोनच नर्स राहिल्या, तर मुली येतील पण टिकणार नाहीत, माझ्यासारख्या बाहेर जातील. हे वाक्य माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं आणि ते मी मराठीतसुद्धा आधी कधी स्वतःशी कबूल केलं नव्हतं.

चेचीनं डोळे पुसले. तिनं माझी एक चूक दाखवली, "स्टे" आणि "स्टे ऑन"ची, आणि आम्ही चहा घेतला.

दुसरी परीक्षा ऑक्टोबरात, पुण्यालाच. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघाले, उजाडण्याआधी पुण्यात पोचले, स्टेशनवरच्या प्रतीक्षालयात तोंड धुतलं. दुसऱ्या भागाचं कार्ड आलं एका वयस्कर व्यक्तीबद्दल बोलण्याचं. मी आजीबद्दल बोलले. साहजिकच तिसरा भाग म्हाताऱ्या माणसांवर गेला. परीक्षक या वेळी एक तरुण गृहस्थ होते, भरभर विचारणारे. पुढे म्हाताऱ्यांची काळजी घरचे घेतील की संस्था? मी तासगावच्या बाजूच्या गावांचं सांगितलं, जिथे मुलं पुण्याला आणि दोन म्हातारी माणसं मोठ्या घरात. त्यांनी मध्येच विचारलं, पण मग ती मुलं दोषी आहेत असं तुम्हाला म्हणायचंय का? मी म्हणाले नाही, आणि का नाही ते सांगू लागले. एका प्रश्नात मला एक शब्द कळला नाही, तो मी परत विचारला. तिसऱ्या भागात असं विचारता येतं, आणि पहिल्या वेळी मी ते धाडस केलं नव्हतं.

मग बोलता बोलता मी म्हणाले, "व्हेन माय पेरेंट्स विल," आणि थांबले. दुरुस्त केलं: "व्हेन माय पेरेंट्स गेट ओल्ड." चार महिने जी चूक घालवली होती ती त्याच वाक्याला परत आली. ते वाक्य मला म्हणायचं नव्हतं म्हणूनच ती आली असावी. त्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे असाल? मी म्हणाले, "आय'ल प्रॉबॅब्ली बी अब्रॉड. आय माइट कम बॅक. आय'ड लाइक टू थिंक आय विल." गृहस्थांनी घड्याळ पाहिलं आणि आभार मानले.

स्पीकिंग ७.५ आले. बाकीचे तिन्ही भाग पुन्हा पार झाले. चेचीला पेढे नेले तर तिनं खोका परत दिला, चिठ्ठ्यांसकट. आता नव्या बॅचची एक मुलगी माझ्याबरोबर त्याच कट्ट्यावर बसते. ती फक्त "विल" म्हणते आणि मी तिला हँडओव्हर द्यायला लावते. माझी संगणकावरची पात्रता परीक्षा झाली आहे, प्रात्यक्षिक परीक्षा इंग्लंडला पोचल्यावर द्यायची. कागद पुढे सरकताहेत.

परवा आईचा फोन आला. छाटणी झाली होती, पाऊस अजून नव्हता. शेवटी तिनं विचारलं, "पुढच्या दिवाळीला येणार न्हवं?"

मी म्हणाले, "येईन की."

ती जरा थांबली. "येईन म्हणतीयास. येणार म्हणंनास."